तो बँड मोठा होता की नाही

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचं आणि बाबांचं एक भांडण अर्धवट राहिलं. चार इंग्रज पोरांनी मिळून काढलेल्या एका बँडचं जगभर नाव झालं होतं. ते नाव त्यांना शोभतं की नाही, यावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालला होता. बँडचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं की ऐकणाऱ्यांचे लगेच दोन पक्ष पडतात, आणि या विषयावर कोणाशी बोलायची माझ्यात आता ताकद नाही.

बाबा मूळचे अमरावतीकडचे. नोकरी नागपूरला, सरकारी कचेरीत. राज्यांची नव्याने वाटणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि कचेरीतल्या माणसांचीही वाटणी झाली. बाबा मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले. नागपूरला ते एका गुरूंकडे गाणं शिकत होते, रोज पहाटे, कचेरीच्या आधी. ते सुटलं. एक ट्रंक, एक वळकटी आणि तंबोरा घेऊन ते जबलपूरला उतरले. इथे त्यांना गुरू मिळाला नाही, किंवा त्यांनी शोधला नाही. आई सांगायची, लग्न होऊन ती आली तेव्हाच तंबोरा गवसणीत जाऊन कोपऱ्यात उभा होता, आणि तिने तो कधी बाहेर निघालेला पाहिला नाही.

गाणं सुटलं तरी ऐकणं सुटलं नव्हतं. ओमती बाजारामागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्या आणि मागे अंगण. पुढच्या खोलीत रेडिओ. त्यावर शास्त्रीय गाणं लागलं की बाबा पेपर खाली ठेवत आणि मांडीवर बोटांनी ताल धरत. एखादा नावाजलेला गवई जरा ढळला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बोलत मात्र नसत. एरवीही ते आमच्याशी फारसं बोलत नसत. मारत नव्हते, रागावत नव्हते. कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे. मला वाटतं, मुलांशी काय बोलायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कॉलेजात त्याला एक मित्र मिळाला, रेल्वे कॉलनीतला, अँग्लो-इंडियन. त्याचे वडील इंजिन ड्रायव्हर. आई त्याला शेवटपर्यंत 'इंजनवाल्याचा' म्हणायची, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्याची मोठी बहीण लग्न होऊन परदेशी गेली होती, ती तिकडून रेकॉर्ड पाठवायची. त्या रेकॉर्डवरून ओमतीतल्या एका दुकानात कॅसेट भरून मिळत. अशा रीतीने तो बँड आमच्या घरात आला.

भाऊ पार बदलला. केस वाढवले. कुठून तरी जुनी गिटार आणली. इंजनवाल्याचा ड्रम वाजवायचा. आणखी दोघं जमवून त्यांनी शहराच्या गोहलपूर भागात एका लेथच्या कारखान्यावरची खोली धरली. खाली लोखंड कापलं जात असे, त्यामुळे वर कितीही आवाज केला तरी कोणाची तक्रार येत नसे. त्यांना कोणी ऐकायला बोलवायचं ते लग्नात, हिंदी सिनेमाची गाणी वाजवायला. मधेच ते एखादं इंग्रजी गाणं घुसडायचे. लोक तेवढा वेळ जेवायला जायचे, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

पहिला वाद एका रविवारी सकाळी झाला. भाऊ अंघोळ करून टेप लावून बसला होता. बाबा पेपर वाचत होते. गाण्यात मधे गिटार सुरू झाली ती संपेचना. बाबांनी पेपर खाली केला.

"हा थांबत काहून नाही?"

भावाला आधी कळलंच नाही की बाबा त्याच्याशी बोलून राहिले आहेत. मग तो म्हणाला, "कोण?"

"हा वाजवणारा. हात चांगला आहे त्याचा. पण थांबायला भिते. थांबला तर लोक उठून जातील असं वाटते त्याला."

भाऊ खुर्चीतून उठून टेपजवळ आला. म्हणाला, बाबा, जगात नंबर एक आहे हा. बाबा म्हणाले, नंबर कोणी दिला? भावाने मासिकांची नावं सांगितली. बाबा म्हणाले की ज्यांची मासिकं त्यांचेच नंबर. इंग्रज निघून गेला, पण कोणाचं गाणं मोठं म्हणायचं ते अजून तोच आपल्याला सांगून राहिला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिने बाबांना इतकं सलग बोलताना बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. भाऊ कॅसेट लावायचा, बाबा निकाल द्यायचे. बाबांनी सगळं सरसकट फेकून दिलं असतं तर वाद एका दिवसात संपला असता, पण ते मन लावून ऐकत. त्यांना इंग्रजी गाण्याचे शब्द कळत नसत, आणि त्यांना ते नकोही होते. एका बँडमधल्या गाणाऱ्या बाईबद्दल ते म्हणाले, "हिला सूर माहीत आहे. हिचं नाव झालं ते बरोबर झालं." आणखी एक बँड होता, दहा-दहा मिनिटांची उदास गाणी करणारा. त्यांच्याबद्दल म्हणाले की हे लोक वातावरण चांगलं करतात, पण पाहुणे येणार म्हणून घर सजवलं आणि पाहुणा आलाच नाही, असं होतं यांचं. भावाला हे इतकं आवडलं की त्याने ते गोहलपूरच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. पण त्याचा तो लाडका बँड बाबांना काही केल्या मान्य होईना.

एकदा बाबा म्हणाले की यांची लय सुटते, गाणं सुरू होतं त्याहून जलद संपतं. भाऊ म्हणाला, शक्यच नाही. मग बाबांनी मांडीवर ताल धरला आणि गाणं सुरू करायला लावलं. इंजनवाल्याचा त्या दिवशी घरी होता, तोही पाटावर बोटं वाजवत बसला. गाणं संपता संपता बाबांची बोटं मागे पडलेली आम्हाला सगळ्यांना दिसली. भाऊ म्हणाला, "स्टेजवरचं आहे बाबा. जोश येते माणसाला."

"जोश आला म्हणून गाडी टाइमाच्या आधी सोडते का याचा बाप?" बाबांनी इंजनवाल्याच्या मुलाकडे बोट केलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

भाऊही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. एकदा तो म्हणाला की तुमच्या गाण्यात एक राजा असतो आणि बाकीचे चाकर. तबलजी बाजूला, तंबोरेवाला मागे, त्यांचं नावही कोणी विचारत नाही. यांच्यात चौघं सारखे. एक काढून घेतला तर बँडच राहत नाही. बाबा उठून हात धुवायला गेले. जेवले, कचेरीत गेले, आले. दोन-तीन दिवसांनी पानावर बसल्यावर भाताचा घास हातात धरून म्हणाले, "मी तंबोऱ्यावर बसायचो गुरुजींच्या मागे. मला कधी चाकर नाही वाटलं." आम्ही सगळे थांबलो. नागपूरच्या शिकण्याबद्दल त्यांनी आमच्यासमोर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. भावाने मग हळूहळू एक एक प्रश्न विचारला, आणि त्या दिवशी बाबांनी गुरुजींचं घर, तिथली थंडी, पहाटेचा चहा, सगळं सांगितलं. त्या बँडमुळे आम्हाला आमचे बाबा थोडेथोडे कळत गेले, असं मी म्हणते ते यासाठी.

कॉलेज संपल्यावर भावाला शहरातल्या सरकारी फॅक्टरीत नोकरी लागली. खाकी कपडे घालून सायकलने जायचा, मग स्कूटर घेतली. तरी रविवार चालूच राहिला. त्या दिवसांतलं त्याचं एक बोलणं मला आठवतं. बाबा म्हणाले होते की या पोरांमध्ये असं काय आहे की अख्ख्या जगाने डोक्यावर घ्यावं? तेव्हा तो म्हणाला, "तेही फॅक्टरीच्याच गावचे आहेत, बाबा. आपल्यासारख्याच. भोंगा वाजला की सगळं गाव कामाला जाते, असं गाव. तिथून निघाले ते." त्याच्या आवाजात वादाचा सूर नव्हता. बाबांनीही मग तो मुद्दा पुढे ओढला नाही.

थंडीचे दिवस होते. जबलपूरजवळच्या पाटणला एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं आणि भावाच्या मंडळींना बोलावणं होतं. मांडवात लाऊडस्पीकर कुठे लावायचे, वीज कुठून घ्यायची, हे बघायला तो आदल्या दिवशी ड्यूटीनंतर एकटाच स्कूटरने गेला. इंजनवाल्याचा तोवर रेल्वेत लागला होता, त्याला सुटी मिळाली नाही. परतताना संध्याकाळ झाली. धुकं उतरत होतं. रस्त्याच्या कडेला मटाराची पोती भरलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. स्कूटर तिच्यावर गेली. मागून येणाऱ्या जीपवाल्यांनी त्याला शहरात आणलं, पण आणेपर्यंत तो गेला होता. सव्वीस वर्षांचा होता.

बातमी घेऊन शेजारचे काका आले. बाबा तेव्हा मागच्या अंगणात पाण्याची टाकी धुवत होते. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला, नळ बंद केला, आणि काकांना म्हणाले, "चला." चपला न घालताच गेले. आईला मी धरून बसले होते. आईने रडायला सुरुवात केली ती बाबा परत आल्यावर, त्यांचे अनवाणी पाय बघून.

दिवस झाले, तेरवी झाली. नातेवाईक नागपूर-अमरावतीला परत गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बाबा रिटायर झाले. पाटणचा रस्ता आमच्या घरातून कायमचा बंद झाला. तिकडे जायची वेळ आली तरी आई बाबांना लांबच्या वळणाने जायला लावायची.

मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. एक दिवस दुपारी लवकर घरी आले तर बाहेरूनच त्या बँडचा आवाज ऐकू आला. मी पायरीवरच थांबले. आत बघते तर बाबा टेपसमोर जमिनीवर बसले होते. आई मागच्या अंगणात, दाराकडे पाठ करून. मला बघून बाबा म्हणाले, "बस."

मग रोजच दुपारी ते ऐकायला लागले. एक कॅसेट संपली की दुसरी. ताल धरत नव्हते. मान खाली घालून नुसते ऐकायचे, एखाद्याने पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसे. आईला ते सहन होत नव्हतं. बरेच दिवस ती अंगणात जाऊन बसायची, मग एका दुपारी आत आली आणि टेप बंद करून बाबांसमोर उभी राहिली.

"काहून ऐकता जी? तो नाही त्याच्यात."

बाबा म्हणाले, "त्याला काय सापडलं होतं ते पाहून राहिलो."

"सापडलं का?"

बाबांनी नाही अशी मान हलवली. आई तिथेच त्यांच्या शेजारी खाली बसली. मी दारात उभी होते. कोणीच पुन्हा टेप लावला नाही त्या दिवशी.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. त्यांना तो बँड आवडून घ्यायचा होता. हे मला हळूहळू कळलं आणि कळल्यावर माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर ज्यांनी स्वतःच्या कानाशी खोटेपणा केला नाही, ते आता कानाला समजावून राहिले होते की अरे, एकदा तरी दाद दे. आणि कान ऐकत नव्हता. एकदा मला म्हणाले, "तुला काय ऐकू येते? खरं सांग." मी सांगितलं की बाबा, गिटार सोडून द्या, खालचा जाड आवाज ऐका, तो गाणं उचलून धरतो असं भाऊ म्हणायचा. त्यांनी तसं ऐकलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. म्हणाले, "हो, तो बरा वाजवते." पण हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं.

शेवटी मी इंजनवाल्याच्या मुलाकडे गेले. तेरवीनंतर तो आमच्या घरी आला नव्हता. रेल्वे कॉलनीत त्याच्या घरी गेले तर तो व्हरांड्यात बसला होता, मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, बाबा रोज ती गाणी ऐकत बसतात, एकटेच. तू येऊन त्यांच्याजवळ बस. तो म्हणाला, "दीदी, हिम्मत नहीं होती." तरी पुढच्या रविवारी आला.

आईने चहा केला. बाबांनी त्याला भावाच्या जागेवर बसवलं, खिडकीजवळ, आणि जणू मधे काही झालंच नाही असे सरळ मुद्द्यावर आले. हिंदीतच म्हणाले की तू ड्रम वाजवतोस, तुला यातलं कळतं, तर मला शिकव. हा बँड मोठा का आहे, ते मला समजलं पाहिजे. जिथे चुकतो तिथे मला थांबव.

त्याने कप खाली ठेवला. बाबांनी कॅसेट घातली. तेव्हा त्याने हात पुढे करून बाबांना थांबवलं.

"अंकल, उसको भी अब इतना अच्छा नहीं लगता था।"

बाबांना कळलं नाही. त्याने मग सगळं सांगितलं. जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, गोहलपूरच्या खोलीच्या जिन्यावर दोघं बसले होते तेव्हा भाऊ त्याला म्हणाला होता की बाबा बरोबर बोलतात. यांचं अर्धं नाव हवेवर आहे. गिटारवाल्याला खरंच थांबता येत नाही, आणि एकदा हे ऐकू आलं की मग तेच ऐकू येत राहतं. तो स्वतः आता दुसरंच काही ऐकत होता, बाबांच्या रेडिओवरचं गाणंसुद्धा, फॅक्टरीतल्या एका सोबत्याकडे. इंजनवाल्याच्या मुलाने त्याला विचारलं होतं की मग घरी दर रविवारी का भांडतोस?

"तो क्या बोला?" बाबांनी विचारलं.

"बोला, हार मान ली तो बाबा से बात क्या करूँगा।"

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाहेर गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला.

बाबांनी मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणत्या महिन्यात म्हणाला? कोणत्या गाण्याबद्दल? थांबत नाही असंच म्हणाला का, हेच शब्द? तो एक एक उत्तर देत गेला. रेडिओवरचं काय ऐकत होता, कोण गात होतं, हे बाबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. मग बाबा उठले, मागे नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बराच वेळ. पाणी वाहत असल्याचा तेवढा आवाज येत होता.

त्या दिवशी पानावर बसल्यावर बाबा आईला म्हणाले, "मी जिंकलो म्हणे." आणि ताट तसंच पुढे सारून उठले.

मला वाटलं, आता ते कॅसेट काढणार नाहीत. पण रविवारी इंजनवाल्याचा पुन्हा आला, आणि बाबांनी टेप लावला. गाणं संपल्यावर तो सहज म्हणाला की अंकल, आप सही थे, ये लोग ओव्हररेटेड हैं. बाबा म्हणाले, असं कसं? हे चौघं एका फॅक्टरीच्या गावातून निघाले. यांना कोणी शिकवलं नाही. यांनी स्वतःचे शब्द लिहिले, स्वतःची चाल केली, आमच्यासारखी दोनशे वर्षं जुनी चीज घेऊन नाही बसले. यांच्यात एक राजा आणि तीन चाकर नाहीत. भावाचे सगळे मुद्दे, एक न चुकता, त्याच्याच क्रमाने. मी आईकडे पाहिलं. आई पदराने डोळे पुसत होती, पण तिथून हलली नाही.

इंजनवाल्याचा मुलगा सरसावून बसला. मग तो बाबांची जुनी बाजू घेऊन बोलायला लागला. लय सुटते म्हणाला. नुसते केस वाढवलेत म्हणाला. बाबांनी ते खोडून काढलं. आवाज चढले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं की हे थांबावं, आणि हेही वाटत होतं की हे कधी थांबू नये.

असं दोनेक वर्षं चाललं. मधे माझं लग्न झालं, सासर जबलपुरातच, त्यामुळे रविवारी मी जायचे. कधी कधी ते दोघं वाद न घालता नुसते बसलेले असायचे. मग त्याच्या घरच्यांचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं. बहिणीने सगळ्यांना बोलावून घेतलं होतं, कॉलनीतली त्यांच्यातली बरीच घरं तोवर रिकामी झालेली होती. तो शेवटचा भेटायला आला तेव्हा बाबांनी सगळ्या कॅसेट एका पिशवीत भरून त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, तिकडे या सगळ्या मिळतात अंकल, तुम्ही ठेवा. बाबा म्हणाले, "माझ्याशी भांडणारा कोणी नाही आता. ठेवून काय करू?" तो पाया पडला. त्यांच्यात पाया पडत नाहीत, पण पडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पोटाशी धरलं.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. रेडिओ, मग टीव्ही. माझी मुलं मोठी झाली, ती फोनवर गाणी ऐकतात. जुन्या बँडची टिंगल करतात, मग एखादं गाणं आवडलं की दिवसभर तेच लावतात. आजोबांना विचारायची, तुम्हाला इंग्लिश गाणी समजतात का? बाबा म्हणायचे, नाही. भावाचा फोटो भिंतीवर होता, गिटार घेतलेला, पण मुलांनी कधी त्या दोन गोष्टी जोडल्या नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आई आधी गेली, मग तीन वर्षांनी बाबा. शेवटच्या आजारात ते नागपूरच्या गुरुजींशी बोलत, आणि एकदोनदा भावाशी. भावाशी काय बोलत ते मला नीट ऐकू आलं नाही. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला तर ते थांबले.

इंजनवाल्याचा मुलगा पर्थला आहे. वर्षातून दोनतीनदा फोन करतो. हिंदी अजून जबलपूरचीच आहे त्याची, मुलींना मात्र येत नाही. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. म्हणाला की तो बँड त्यांच्या शहरात आला होता. चौघांतले दोघं गेले, त्यांच्या जागी भाड्याने आणलेली पोरं. उरलेले दोघं म्हातारे, पण मैदान भरलेलं होतं. धाकट्या मुलीने वाढदिवसाला तिकिटं काढून दिली होती, म्हणून गेला.

मी विचारलं, "कैसे थे?"

तो म्हणाला की ठरवून गेलो होतो, दीदी. आज नीट ऐकायचं आणि एकदाचं ठरवायचं, मोठे की नाही. पण पहिल्या गाण्यालाच मला रडू फुटलं. शेजारच्या अनोळखी माणसाने विचारलं, बरं वाटतं ना तुम्हाला? मुलगी घाबरली. मग तो बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसला. आतून आवाज येत होता, लोक गात होते, पण काच बंद होती.

मग त्याने विचारलं, तिकडे थंडी पडली का? मी म्हटलं, पडली, यंदा लवकर पडली. बाजारात मटार आला का, असं त्याने विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, कोण होतं? मी सांगितलं.

"काय म्हणत होता?"

"त्या बँडच्या प्रोग्रामला गेला होता."

"कसा झाला?"

"ऐकलाच नाही त्याने," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.